वाचून दाखवणारी प्रश्नपत्रिका

सातवीतल्या एका मुलाला बाष्पीभवन आणि संघनन यांतला फरक तोंडी विचारला, तर तो दोरीवरच्या ओल्या कपड्यांपासून थंड ताकाच्या पेल्याला सुटणाऱ्या घामापर्यंत सगळं सांगतो. लेखी चाचणीत मात्र त्याच प्रश्नाखाली कोरी जागा. त्याला विज्ञान येतं, त्याचं अडतं ते छापील ओळीशी. शाळेच्या घटक चाचणीत अशा मुलासाठी प्रश्नपत्रिका संगणकावर कशी द्यायची, त्याची ही कृती. एक लॅपटॉप, एक हेडफोन आणि तीन आठवडे हाताशी हवेत. बोर्डाच्या परीक्षेला प्रमाणपत्र आणि मंडळाची परवानगी लागते, तो वेगळा रस्ता.

आधी पेन्सिल घ्या. प्रत्येक प्रश्नाशेजारी लिहा की हा प्रश्न नेमकं काय तपासतो. दख्खनचं पठार कसं तयार झालं, या प्रश्नात लाव्हा तपासायचा आहे, वाचन नाही. तो संगणकाने वाचून दाखवला तर काही बिघडत नाही. मराठीच्या पेपरातला ‘वाक्य शुद्ध करून लिहा’ मात्र वेगळा. तिथे शुद्धलेखन तपासनीस बंद ठेवा आणि बोलून टंकायची सोयही देऊ नका, कारण ती शब्द स्वतःच बरोबर लिहून मोकळी होते. ‘बाकीच्या पोरांवर अन्याय’ असं स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, की हा पेन्सिलीचा कागद पुढे करायचा.

आता फाँट. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पुष्कळ शाळांचे पेपर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले असतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. वाचणारा आवाज तीच बडबडतो. ओळखायची सोपी खूण: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठीच आलं तर युनिकोड आहे, भलतंच काही आलं तर नाही. फाँट बदलून देणारी साधनं मिळतात, पण ती रफार आणि जोडाक्षरं कुठेतरी सांडतात. दोन पानांचा पेपर असेल तर सरळ पुन्हा टंका. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, तो आवाजाला वाचता येत नाही.

पान मोकळं ठेवा. अक्षर १६ पॉइंटचं, ओळींमध्ये दीडपट अंतर, कारण आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली जातात. अधोरेखन टाळा, ती रेघ नेमकी उकारावरून जाते. ‘चुकीचा पर्याय निवडा’ यातला ‘चुकीचा’ ठळक करा. डिस्लेक्सियासाठीचा म्हणून ओपनडिस्लेक्सिक फाँट कोणी सुचवेल, पण त्यात देवनागरी नाही.

आता पेपर कानाने तपासा. ‘जोड्या लावा’ तक्त्यात असेल तर आवाज आडवा वाचतो आणि मुलाला चुकीच्याच जोड्या ऐकवतो. म्हणून आधी पूर्ण ‘अ’ गट, मग ‘ब’ गट. रिकाम्या रेघेऐवजी ‘रिकामी जागा’ असे शब्द घाला, ३/४ ऐवजी ‘तीन छेद चार’.

आवाजासाठी पेपर पीडीएफ करून मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, यू एकत्र दाबा. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, वेगही कमी करता येतो. पण त्यांना इंटरनेट लागतं, आणि परीक्षेत इंटरनेट चालू ठेवणं म्हणजे एका शिक्षकाने शेजारी बसून राहणं. त्यापेक्षा मला साधा उपाय आवडतो: प्रत्येक प्रश्न मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, फाइलला प्रश्नाचा क्रमांक द्या, सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. अर्ध्या तासाचं काम, आणि आवाज मुलाच्या ओळखीचा.

हात अडणाऱ्या मुलासाठी गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टंकता येतं. ‘पूर्णविराम’ म्हटलं की टिंब पडेल या भरवशावर राहू नका, बहुधा तो शब्दच उमटतो. पूर्णविरामाची कळ दाबायची सवय आधी लावा. आणि खोली वेगळीच हवी, नाहीतर त्याची उत्तरं अख्खा वर्ग ऐकेल.

सराव किमान तीनदा, तोही जुन्या, बिनगुणांच्या पेपरांवर. नवं यंत्र थेट परीक्षेत हाती दिलं, तर मूल प्रश्न सोडून बटणांशीच झगडतं.

चाचणीच्या दिवशी छापील पेपरही शेजारी ठेवा, चार्जर लावलेला असू द्या. जादा वेळेला आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा द्यायला सांगितलं. घटक चाचणीतही तोच हिशेब धरा. वेळ संपल्यावर उत्तरांची फाइल मुलासमोर सेव्ह करून लगेच छापून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या.

दुसऱ्या दिवशी त्याला एवढंच विचारा: कुठल्या फाइली ऐकल्याच नाहीत? एखादा मुलगा सांगतो, गणिताच्या वेळी हेडफोन काढून ठेवला होता. मग पुढच्या चाचणीत गणिताच्या फाइली करू नका.