डब्यावर लिहिलं नाही, म्हणजे डब्यात नाही?

गेल्या महिन्यात एक आई सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा टेनिस खेळतो, स्पर्धांसाठी राज्याबाहेरही जातो. तक्रार काय, तर छातीत धडधडतं आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शांत बसलेल्या पोराची नाडी मिनिटाला 116. ‘काही घेतोस का रे?’ विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला. आईने मात्र पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. ‘औषध काही नाही डॉक्टर, नुसती पावडर आहे. बरोबरची सगळीच मुलं घेतात.’ लेबलवर मजकूर हातभर, पण बॅच नंबर नखाने खरवडल्यासारखा. झाकण उघडलं तर आंबा बर्फीचा वास.

‘नुसती पावडर’ हे शब्द मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. डॉक्टर लिहून देतो ते औषध, बाकी सगळा खाऊ! आणि लेबलवर वाईट काही लिहिलेलं नाही, म्हणजे आतही नसणार.

पण तसं नसतं. ऑगस्ट 2024 मध्ये टेनिसपटू इगा श्वीऑनटेक जगात पहिल्या क्रमांकावर होती. तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन सापडलं. हृदयाच्या रुग्णांना मी हे औषध नेहमी लिहून देतो. खेळाडूंना त्याची बंदी. इगाने झोपेसाठी मेलाटोनिन घेतलं होतं, पोलंडमध्ये बनलेलं, चिठ्ठीशिवाय मिळणारं. त्या गोळ्याच दूषित निघाल्या. महिनाभराची बंदी आली आणि सिनसिनाटी स्पर्धेचं बक्षीसही गेलं. मिक्सरच्या भांड्यात लसणाची चटणी वाटा, भांडं धुवा, मग त्यातच वेलची वाटून बघा. कारखान्यातही असंच होतं, आणि प्रयोगशाळेचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट असतं.

टेनिसपटू सिमोना हालेपचं प्रकरण तर काळीज पिळवटणारं. 2022 च्या अमेरिकन ओपनमध्ये तिच्या नमुन्यात रोक्साडुस्टॅट निघालं, मूत्रपिंडाच्या रुग्णांचा रक्तक्षय कमी करणारं औषध. तिने बोट दाखवलं कोलॅजनच्या पावडरीकडे. आधी चार वर्षांची बंदी, मग क्रीडा लवादाने ती नऊ महिन्यांवर आणली. पण तोवर ती सतरा महिने कोर्टाबाहेर होती. ब्राझीलची टेनिसपटू बेआट्रिझ हद्दाद माइया हिला 2019 मध्ये फार्मसीतून खास बनवून घेतलेली पूरकं नडली. दहा महिने गेले. कोचच्या ओळखीच्या माणसाकडून सुटी पावडर आणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आणि लेबलवर लिहिलेलं असलं तरी? 2013 मध्ये टेनिसपटू मरिन चिलिचच्या आईने मोनाकोत ग्लुकोजच्या गोळ्या आणल्या. (इथेही आईच!) पाकिटावर फ्रेंचमध्ये निकेथामाइड हे उत्तेजक स्पष्ट छापलं होतं. त्याने ते वाचलंही, पण निकोटिनामाइड, म्हणजे साधं बी जीवनसत्त्व, समजून बसला. बंदी नऊ महिन्यांची, अपिलात चार. नियम सरळ आहे: शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्याने शिक्षा कमी होऊ शकते, पण झालेला दोष पुसला जात नाही.

घाबरू नका, प्रत्येक डब्यात विष नसतं. पण वाढत्या वयाच्या खेळाडूचं बहुतेक काम अंडी, डाळ, दूध, शेंगदाणा-गूळ आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी यांत भागतं. मोबाइलवर दंड फुगवून डोस सांगणारा कुणी तुमच्या मुलाची नाडी बघायला येणार नाही. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, एकाएकी पाठभर मुरुमं, मुलाच्या छातीत दुखरी गाठ, मुलीची पाळी बिघडणं किंवा ओठांवर लव, यांतलं काहीही दिसलं की पावडर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला, तर उद्यावर ढकलू नका, रुग्णालय गाठा.

त्या मुलाचा ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. पावडर थांबवल्यावर आठवड्याभरात नाडी 78 वर आली. आईने मात्र रागाच्या भरात डबा सिंकमध्ये ओतून धुऊन टाकला होता. असं करू नका. उरलेल्या गोळ्या तपासता आल्या, म्हणून इगाला आपली बाजू मांडता आली. डबा, झाकण, पावती, तळाशी उरलेली पावडर, सगळं पिशवीत घालून दवाखान्यात आणा.