नांदेडची यात्रा आणि इतिहासाचा पाठ

सुटीतील प्रवास हा शिक्षकास केवळ विसावा नसतो. डोळे उघडे ठेवून केलेला प्रवास पुढील वर्षभराच्या अध्यापनास पुरेल एवढी सामग्री देतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत प्रस्तुत लेखक आई, पत्नी व दोन मुले यांसह नांदेड येथे जाऊन आला. त्या यात्रेतून एक पाठ कसा तयार झाला आणि तो तयार होण्यापूर्वी शिक्षकालाच काय शिकावे लागले, ते शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

१. मुलाचा प्रश्न

परभणीहून पूर्णामार्गे आगगाडी नांदेडला पोहोचते. गाडीत निम्मे प्रवासी पंजाबी होते. चौथीत शिकणाऱ्या मुलाने विचारले, “बाबा, हे लोक एवढ्या लांबून आपल्याकडे का येतात?” मी सांगितले, “गुरू गोविंदसिंहांचे येथे देहावसान झाले म्हणून.” त्याने लगेच पुढचा प्रश्न केला, “पण ते तर पंजाबचे ना? मग इकडे कशाला आले होते?”

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. इतकी वर्षे १७०८ हा सन मी वर्गात सांगत आलो. मुलांनी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरूनही गेली. ‘केव्हा’ सांगितले, ‘का’ सांगितले नाही. इतिहासाच्या अध्यापनातील हा दोष माझ्या एकट्याचा नसावा, म्हणूनच तो येथे कबूल करीत आहे.

२. शिक्षकाने जाणून घ्यावयाची माहिती

गुरू गोविंदसिंह हे शिखांचे दहावे गुरू. त्यांचा जन्म १६६६ साली पाटणा येथे झाला. १६९९ च्या वैशाखीस त्यांनी आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. १७०७ साली औरंगजेब अहिल्यानगरजवळ मरण पावला आणि त्याच्या मुलांत गादीसाठी युद्ध पेटले. त्यात विजयी झालेला बहादुरशाह आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेकडे निघाला. गुरूही त्याच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले व १७०८ साली गोदावरीच्या काठी नांदेड येथे थांबले. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

नांदेड येथे गोदातीरी माधोदास नावाचा एक बैरागी राहत असे. गुरूंच्या भेटीनंतर तो त्यांचा शिष्य झाला आणि बंदासिंह बहादूर म्हणून पंजाबात गेला. १७१० साली त्याने सरहिंद जिंकले. १७१६ साली दिल्लीत त्याला ठार मारण्यात आले. इकडे नांदेडला गुरूंवर एका पठाणाने प्राणघातक हल्ला केला आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. आपल्यामागे कोणी मनुष्य गुरू न होता ग्रंथच गुरू राहील, असे त्यांनी सांगितले. या घटनेची तीनशे वर्षे २००८ साली नांदेडला मोठ्या प्रमाणावर साजरी झाली.

आज दिसणारे सचखंड श्री हजूर साहिब हे मंदिर महाराजा रणजितसिंह यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात बांधले गेले. त्या वेळी हा मुलूख निजामाचा होता. आतील दालनात अंगीठा साहिब, म्हणजे गुरूंचा अंत्यसंस्कार झाला ते स्थान असून तेथे त्यांची शस्त्रे जतन केलेली आहेत. बाहेरील दालनात ग्रंथाचे पठण चालते. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक होय. इतर चार अशी: अमृतसरचे अकाल तख्त, आनंदपूरचे केसगढ साहिब, पाटण्याचे हरमंदिर साहिब आणि तलवंडी साबो येथील दमदमा साहिब.

मराठी मुलांना जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. ज्या ग्रंथापुढे हे यात्रेकरू मस्तक नमवितात, त्यात आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. उत्तरायुष्यातील बराच काळ ते पंजाबात घुमान येथे राहिले, अशी परंपरा आहे. त्याच घुमान येथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठवाड्यातील शिंपी पंजाबात वंदनीय झाला आणि पंजाबातील गुरूंचे स्थान मराठवाड्यात पूज्य झाले, हे मुलांना अवश्य सांगावे.

३. लंगरातील पंगत

दर्शनापूर्वी पादत्राणे काढावी लागतात, पाय धुवावे लागतात आणि मस्तक झाकावे लागते. पादत्राणे सांभाळण्याच्या जागी एक वृद्ध, सुखवस्तू दिसणारे गृहस्थ यात्रेकरूंचे जोडे फडक्याने पुसून ठेवीत होते. माझ्या मुलीला ते नोकर वाटले. चौकशी करता कळले की, तेही आमच्यासारखेच यात्रेस आले होते. या कामास तेथे ‘सेवा’ म्हणतात व ती करावयास मिळणे हे भाग्य समजतात.

दर्शनानंतर आम्ही लंगराकडे गेलो. तेथे सर्वांनी जमिनीवर एका रांगेत बसावयाचे, जे वाढले जाईल ते घ्यावयाचे आणि पोळी दोन्ही हात पुढे करून स्वीकारावयाची, असा शिरस्ता आहे. माझी आई दाराशीच थबकली. जुन्या वळणाची ती बाई, हलक्या आवाजात म्हणाली, “कोणाच्या हातचं आहे रे हे? आणि शेजारी कोण बसणार?”

मी उत्तर देण्याआधीच मुलगी म्हणाली, “आजी, शाळेत तो मुलगा खिचडीला एकटाच बसतो ना, तसंच म्हणतेस का तू?”

मी खाली पाहिले. माझ्या वर्गातील एक मुलगा दुपारच्या जेवणाच्या वेळी रांगेच्या टोकाला, इतरांपासून हातभर अंतर ठेवून बसतो, हे मी रोज पाहत होतो. ‘मुले आपापल्या सोबत्यांजवळ बसतात’ अशी मी मनाची समजूत घातली होती. माझ्या मुलीने मात्र ते अंतर बरोबर मोजले होते.

आई क्षणभर उभी राहिली. वाढणाऱ्या एका पंजाबी बाईने “माताजी, बैठो” म्हणून पट्टीवर जागा दाखविली. आई बसली. शेजारी कोण आहे हे तिने विचारले नाही. परतीच्या गाडीत ती एवढेच म्हणाली, “वरण चांगलं होतं.” त्या एका वाक्यात तिने पुष्कळ काही मागे टाकले, असे मला वाटते.

४. पाठाचे टाचण

इयत्ता: चौथी किंवा पाचवी. वेळ: दोन तासिका. साहित्य: भारताचा भिंतीवरील नकाशा, दोरा, टाचण्या.

(अ) पहिली तासिका. नकाशावर पाटणा, आनंदपूर व नांदेड येथे टाचण्या लावून दोरा ताणावा. ‘गुरू एवढा प्रवास करून येथे का आले असतील?’ हा प्रश्न प्रथम मुलांपुढे टाकावा. उत्तर लगेच सांगू नये. त्यानंतर पंचप्यारे, म्हणजे खालसा पंथाच्या स्थापनेच्या वेळी शिर देण्यास पुढे आलेले पाच जण, यांची परंपरेने सांगितलेली गावे दाखवावीत: लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बीदर. त्यांत खत्री, जाट, पाणक्या, शिंपी व न्हावी होते. बीदर तर आपल्या शेजारचेच. या पाच टाचण्या देशाच्या कोणकोणत्या दिशांना आहेत, हे मुलांनाच सांगू द्यावे.

(आ) दुसरी तासिका. लंगराची माहिती सांगून विचारावे: सर्वांनी जमिनीवरच का बसावयाचे? जोडे पुसणारा मनुष्य लहान ठरतो की मोठा? गणिताशी सांगड घालण्यासाठी: ग्रंथाची १४३० पाने अखंड पाठात सुमारे ४८ तासांत वाचली जातात, तर तासाला साधारण किती पाने? कढाप्रसादात कणीक, तूप व साखर समभाग असतात. पाव किलो कणकेला बाकीचे जिन्नस किती?

(इ) दक्षता. परंपरा व इतिहास यांतील भेद स्पष्ट करावा. कोणत्याही धर्माची थोरवी सांगताना दुसऱ्याचा कमीपणा सूचित होऊ देऊ नये. आणि वर्गातील कोणा मुलास उभे करून त्याच्या जातीचा वा बसण्याच्या जागेचा दाखला कदापि देऊ नये. त्याने बरे होण्याऐवजी जखम वाढते.

५. पाठानंतर

हा पाठ मी शाळा उघडल्यावर घेतला. मुलांनी उत्तरे चांगली दिली; परंतु दुपारी रांगेच्या टोकाचे अंतर तसेच राहिले. तेव्हा उमगले की, पाठ अपुरा आहे. दुसऱ्या दिवसापासून मी माझे ताट घेऊन त्या मोकळ्या जागेत, त्या मुलाच्या शेजारी बसू लागलो. कोणास काही बोललो नाही. चौथ्या दिवशी दोन मुले आपली ताटे घेऊन आमच्याजवळ सरकली. गुरुजींजवळ बसावयाचे म्हणून सरकली असतील. कारण कोणते का असेना. पुढे मी ताट उचलून दुसरीकडे बसलो, तरी ती मुले तेथेच राहिली.

प्रत्येक शाळेस नांदेडची सहल काढणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. नकाशा व दोरा कोठेही मिळतो. जेवणाची रांग तर प्रत्येक शाळेत रोज बसते. ती कशी बसते, इकडे शिक्षकाने एकदा नीट पाहावे आणि मग आपले ताट कोठे ठेवावयाचे, हे ठरवावे.