डोंगा घ्यायचा की फायबरची नाव?

बघ गं, पैसे एकाच नावेचे आणि समोर दोन नावा, म्हणून तुझी झोप उडाली आहे. गटातल्या बायकांनी पै-पै जमवलेली, त्यात सोसायटीतले काका-दादा रोज नवं काही सांगतात. खरं सांगू का, खोटं कोणीच बोलत नाही. जो तो आपल्या पाण्याचं सांगतो. इटियाडोहवर जाळं टाकणाऱ्याला लांब आणि जड नाव लागते. गाढवी नदीवरचं ते धरण अफाट आहे, वारा सुटला की लाटा उठतात आणि हलकी नाव भलतीकडेच जाते. तुमच्या गटाने घेतलाय तो मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, कोहळ्यांनी पाळ घालून अडवलेला. कडेला उथळ, मध्ये बेताचा खोल, काठाने बेशरमची झुडपं, आणि उन्हाळ्यात पाणी पार आत सरकलेलं. नाव या तलावाला शोभेल अशी घ्यायची, धरणाला नाही.

आता जुन्या लाकडी डोंग्याचं ऐक. त्याचा मोठा गुण हा की तो पाण्याने भरला तरी सहसा तळाला जात नाही, लाकूड तरंगतं. धरून राहायला आधार मिळतो. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, डोंगा काठावर उन्हात पडून राहतो, फळ्या आखडतात आणि सांधे उघडतात. पावसाळ्यात तो पाण्यात मुरवायचा, फटी भरायच्या, डांबर लावायचं. हे दरवर्षीचं काम आहे. ते करणारा सुतार गावात आहे का, आणि तो तुमच्या वेळेला येतो का, हे विचारलंस? नसेल विचारलं तर आजच विचार.

फायबरची नाव हलकी. चार-पाच बायका मिळून ती पाळीवर ओढून ठेवू शकता, कुजायची भीती नाही, उथळ पाण्यातून ढकलायलाही सोपी. पण एक गोष्ट विकणारा आपणहून सांगणार नाही. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि राळ, ते पाण्याहून जड असतं. नाव भरली की ती बुडणार. म्हणून दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे आहेत का, आत फोम भरलाय का, हे उघडून बघ. नसतील तर ती नाव कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. ही एक गोष्ट माझं ऐकच.

बघायला जाशील तेव्हा घाई करू नकोस. लाकडाच्या तळाला, खिळ्यांच्या भोवती सुरीचं टोक टोचून बघ. रुतलं तर आतून कुजलंय. फायबरवर नाणं वाजवत जा, मडकं घेताना वाजवतेस ना तसं. आवाज एका जागी बद्द आला तर तिथले थर सुटलेत. मग दोन्ही नावा पाण्यात उतरवायला लाव. रोज जितक्या जणी जाणार तितक्या बसा, ओलं जाळं ठेवा, आणि एकीला उभं राहून जाळं ओढायला सांग. सगळ्या एका बाजूला झुकल्यावर काठ पाण्यावर वीतभर तरी राहिला पाहिजे. गोल तळाची नाव पाण्यात सरसर जाते, पण उभं राहिलं की डुलते. तुम्हाला शर्यत लावायची नाही, जाळं ओढायचं आहे. तळ सपाट आणि रुंद बघ.

पैशाचं म्हणशील तर सगळी रक्कम नावेत घालू नकोस. वल्ही, दोर, पाणी उपसायचं भांडं आणि प्रत्येकीला लाइफ जॅकेट, हे धरूनच हिशोब कर. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद ठेवली होती. गोंदियाच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्या नावेसाठी कोणती योजना चालू आहे ते विचार. मंजुरीआधी खरेदी केली तर चालतं का, हेही तेव्हाच विचारून घे आणि मगच इसार दे.

जॅकेटवरून कोणी हसलं तर हसू दे. २०२४ च्या जानेवारीत शेजारच्या गडचिरोलीत, मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली, घरंच्या घरं उजाड झाली. जॅकेट अंगात असलं पाहिजे, फळीखाली नाही. आणि आभाळ भरून आलं, वीज चमकली की पाण्यात जायचंच नाही. मासे दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात.

“बायकांना कुठं नाव चालवता येते,” असं म्हणतात ना तुला? निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना सोबत घेऊन तलाव जिवंत करायचं काम हाती घेतलं, तेही आपल्याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. तू लहानपणापासून पाण्याच्या काठी वाढलीस. कुठे गाळ आहे, कुठे मरळ बसतो, हे तुला कोणी शिकवलं नाही. नाव चालवणं तू चार दिवसांत शिकशील.

माझं मत विचारशील तर तुमच्या तलावाला फायबरचीच घे, सपाट तळाची, हवाबंद कप्प्यांची. ती तशी नसेल तर जुना डोंगा घे, पण सुतार पक्का करूनच. आणि बघायला एकटी जाऊ नकोस गं. गटातली जी सगळ्यात भित्री आहे तिला सोबत ने आणि आधी तिला नावेत बसव. तिला ज्या नावेत धीर वाटेल, तीच तुमची नाव.