लंडनहून घरी येताना

मेलबर्न, ऑगस्ट

चि. सायलीस,


डिसेंबरात तीन आठवडे घरी येतेस असं तुझ्या आईकडून कळलं. तिने फ्रीजवरच्या कॅलेंडरवर एकेका तारखेला एकेका घरचं जेवण लिहायलाही घेतलंय. बॉक्सिंग डेला तर दोन घरं आहेत. तुझ्या आनंदावर विरजण घालायचं मावशीच्या मनात नाही, पण तिकीट अजून काढलं नसशील तर ऐक. पहिल्या भेटीला डिसेंबरात येऊ नकोस. जूनमध्ये ये, आणि साहेब हो म्हणत असेल तर पाच-सहा आठवडे राहा, त्यातले निम्मे दिवस घरातूनच ऑफिसचं काम करत.

नाताळात विमानाची तिकिटं कडाडलेली असतात, हे एक झालं. त्याहून मोठी अडचण अशी, की त्या दिवसांत मेलबर्न जागेवर नसतं. नाताळपासून २६ जानेवारीपर्यंत अर्धं शहर समुद्रकाठी तंबू ठोकून बसतं. तुझ्या मैत्रिणी लॉर्नला नाहीतर विल्सन्स प्रॉमला. तुला भेटतील ती सुट्टीवरची माणसं. कडक ऊन, चेरी, बार्बेक्यू, रोज नवं घर आणि रोज तेच प्रश्न. तिथून उठून थेट दुपारी चारला अंधारणाऱ्या लंडनमध्ये. नोकरी सोडून परत यायचे बेत शिजतात ते नेमके त्या आठवड्यात, आणि ही ओढ घराची की नुसत्या उन्हाची, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही.

जूनमध्ये फूटीचा, म्हणजे इथल्या फुटबॉलचा, सीझन चालू असतो. बाबा सकाळी सातला काळोखात गाडी काढतात, हीटरचं बिल येऊन पडलेलं असतं, आई कामावरून वैतागून आलेली असते. परत येण्याचा विचार करायचाच असेल तर हे बघून कर.

तुझ्याआधी गेलेल्यांची रांग मोठी आहे. बोटीच्या काळात सिडनीहून इंग्लंड गाठायला पाच-सहा आठवडे लागत, त्यामुळे गेलेला माणूस वर्षानुवर्षं तिकडेच राही. १ डिसेंबर १९४७ ला क्वांटासचं कॉन्स्टलेशन विमान सिडनीहून लंडनला निघालं, ते सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो करत चार दिवसांनी पोचलं. तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून साठच्या दशकातही बहुतेक तरुण बोटीनेच जात. लंडनच्या अर्ल्स कोर्टात ते इतके भरले की लोक त्या भागाला कांगारू व्हॅली म्हणू लागले. २०१८ पासून पर्थहून उठलेलं विमान कुठेही न थांबता सतरा तासांच्या आसपास लंडनला उतरतं. ये-जा सोपी झाली आणि तीन आठवड्यांचा पाहुणा ही नवी जात जन्माला आली.

मावशी शाळेत शिकवायची तेव्हा क्रिस्टिना स्टेडची गोष्ट मुलांना हमखास सांगायची. स्टेडबाईंनी १९२८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, सिडनी सोडलं. लंडन, पॅरिस, अमेरिका असा त्यांचा संसार फिरला. १९४० मध्ये आलेली त्यांची ‘द मॅन हू लव्ह्ड चिल्ड्रेन’ ही कादंबरी घडते अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या परिसरात; पण त्यातला बोलघेवडा बाप आणि ती पोरं हे सगळं सिडनीच्या वॉट्सन्स बेमधलं त्यांचं स्वतःचं बालपण आहे. गाव बदललं, घर तेच राहिलं. आणि १९६७ मध्ये मायदेशातला एक मोठा पुरस्कार त्यांच्या हातून गेला. कारण काय, तर बाई आता ऑस्ट्रेलियन राहिलेल्या नाहीत! दोन वर्षांनी कॅनबेराच्या विद्यापीठाने बोलावलं तेव्हा चाळीस वर्षांनंतर त्यांनी पहिल्यांदा देशात पाऊल टाकलं. १९७४ मध्ये त्या कायमच्या परतल्या. त्याच वर्षी एक नवा पुरस्कार सुरू झाला आणि पहिलाच त्यांना मिळाला. तो कोणी सुरू केला होता? पॅट्रिक व्हाइटने, आपल्या नोबेलच्या पैशांतून.

हा व्हाइट म्हणजे उलट दिशेचा प्रवासी. जन्म लंडनचा, बालपण सिडनीतलं, पुढची शाळा आणि केंब्रिज इंग्लंडातलं. पण १९४८ मध्ये तो परतला आणि सिडनीच्या वेशीवर, कॅसल हिलला, आपल्या जोडीदारासह जमीन घेऊन राहिला. दोघांनी भाजी आणि फुलं विकली, दूध-साय विकली, कुत्र्यांची पैदास केली. १९५८ मध्ये ॲलिस्टर कर्शॉ नावाच्या लेखकाने फ्रान्समध्ये बसून आपण मायदेशी का परतत नाही याचं समर्थन लिहिलं, त्याला व्हाइटने ‘द प्रॉडिगल सन’ या निबंधातून उत्तर दिलं. त्यात देशाचं कौतुक आहे असं समजू नकोस. इथल्या पोकळ, पैशामागे धावणाऱ्या जगण्यावर त्याने सडकून कोरडे ओढलेत. मावशीला तो माणूस म्हणून फारसा आवडत नाही, फार कटकट्या. पण त्याने कटकट केली ती इथल्या चिखलात उभं राहून, सकाळी गाईचं दूध काढून झाल्यावर.

तेव्हा पहिले पंधरा दिवस तुलना करू नकोस. लंडनचं नाटक, फुकटची म्युझियमं, अडीच तासांत पॅरिस, हे सगळं खरं आहे आणि इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडचं ते भारी, आपलं ते कमीच, हा इथल्या मनातला जुना सल आहे. ए. ए. फिलिप्स या मेलबर्नच्या शाळामास्तराने १९५० मध्येच त्यावर बोट ठेवलं होतं. लंडनहून आलेल्या पोरीने साध्या मनाने काही म्हटलं तरी ते त्या सलावर जाऊन लागतं. कॉफीबद्दल मात्र काय वाटेल ते बोल. त्या बाबतीत मेलबर्नकरांना कमीपणा बिलकुल नाही.

दुसरा धोका आठवणींत गोठून राहण्याचा. तो गोड आहे, म्हणून जास्त वाईट. बॅरी हम्फ्रीज १९५९ मध्ये लंडनला गेला आणि मेलबर्नच्या मूनी पॉन्ड्स भागातल्या एका काल्पनिक गृहिणीचं, डेम एडनाचं, सोंग त्याने जगभर पोचवलं. तो वरचेवर इकडे यायचा, प्रयोग करायचा, २०२३ मध्ये गेलाही सिडनीतच. पण एडनाचं मूनी पॉन्ड्स पन्नासच्या दशकात थबकलं ते थबकलंच. खऱ्या मूनी पॉन्ड्समध्ये आज टोलेजंग इमारती आणि नाना देशांच्या खाणावळी आहेत. नटाला हे शोभतं. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जी सांगली रंगवली जाते ती १९८५ ची असते, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस आणि हसलीसही. तुझं मेलबर्न तसं होऊ देऊ नकोस. मागच्या वर्षीच्या मेलबर्नवर गप्पा मारायला येशील आणि दारातली कचऱ्याची पेटीसुद्धा तुला चकवेल: लाल झाकण, पिवळं झाकण, हिरवं झाकण, आणि आता काचेसाठी जांभळं. कोणती पेटी कोणत्या आठवड्यात रस्त्याकडेला काढायची, ते बाबांना विचार आणि राहशील तोवर तूच काढ. पानगळीने पन्हळी तुंबलेल्या असतात, शिडी धरायला माणूस लागतो. पाहुण्याला कोणी शिडी धरायला सांगत नाही, तेव्हा सांगायची वाट बघू नकोस.

आता थोडं अप्रिय. क्लाइव्ह जेम्स सिडनीच्या कोगरा भागातला. त्याचा बाप जपान्यांच्या कैदेतून जिवंत सुटला आणि १९४५ मध्ये घरी आणणारं विमान पडून गेला. जेम्सने १९६१ च्या अखेरीस बोट पकडली, इंग्लंडमध्ये टीव्हीवर आणि पुस्तकांत नाव कमावलं आणि ऑस्ट्रेलियाला ये-जाही ठेवली. २०१० मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग निघाला, फुप्फुसंही निकामी होत चालली होती. इतका लांबचा विमानप्रवास झेपणार नव्हता. शेवटची वर्षं सिडनीच्या बंदराबद्दल लिहीत त्याने केंब्रिजमध्ये काढली आणि २०१९ मध्ये तिथेच गेला.

ते दुखणं झालं. सरकारही दार लावू शकतं. २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. पुढे नागरिकांपैकीही किती जणांना येऊ द्यायचं याची मर्यादा घातली. न्यू साउथ वेल्समध्ये चौदा दिवसांच्या हॉटेलातल्या विलगीकरणाचं माणशी ३,००० डॉलर बिल यायचं. मे २०२१ मध्ये भारतात करोनाने कहर केला तेव्हा तर सुमारे दोन आठवडे भारतातून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकाला पाच वर्षं कैद किंवा ६६,६०० डॉलर दंड होऊ शकेल असा हुकूम होता. आपल्या मंडळातली, आईवडिलांना बघायला गेलेली किती माणसं पुण्या-मुंबईत अडकली होती! त्यांच्या हातात ऑस्ट्रेलियाचाच पासपोर्ट होता. म्हणून पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, असं भेटीचं लांबवू नकोस. मावशी महिना बदलायला सांगतेय, वर्ष नाही.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करशील हे माहीत आहे, म्हणून लिहिते. विद्यापीठाचं हेक्सचं कर्ज देश सोडला म्हणून सुटत नाही. २०१७ पासून परदेशातल्या कमाईवरही हप्ता बसतो आणि मिळकत दरवर्षी करखात्याला कळवावी लागते. मतदारयादीतलं नाव टिकवायचं असेल तर परदेशस्थ मतदार म्हणून नोंद कर. सहा वर्षांच्या आत परतायचा इरादा असावा लागतो, आणि देश सोडल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. मत द्यायला लंडनच्या स्ट्रँडवरच्या ऑस्ट्रेलिया हाउसमध्ये जा. मोठी रांग असते, आणि मतदानाच्या दिवशी तिथेही सॉसेज भाजतात. तू शाकाहारी, तुला कांदा-ब्रेड. तुझा व्हिसा तीन वर्षांचा. मुदत संपायच्या सहा महिने आधी कंपनीशी बोल, शेवटच्या महिन्यात नको. आणि पुढेमागे ब्रिटिश नागरिकत्व घ्यावंसं वाटलं तर खुशाल घे. ४ एप्रिल २००२ पूर्वी तसं केल्यावर ऑस्ट्रेलियन नागरिकत्व आपोआप जायचं, आता जात नाही. फक्त इथल्या संसदेत निवडून यायचा विचार सोडावा लागेल. २०१७ मध्ये दुहेरी नागरिकत्वापायी कित्येक खासदारांची पदं गेली, त्यात उपपंतप्रधानही होते.

आईला जूनचं मावशी सांगेल. ती दोन दिवस रागावेल, मग कॅलेंडरचं पान उलटेल. तू मात्र साहेबाशी याच आठवड्यात बोलून घे.

तुझी,
मावशी

ता. क. पासपोर्टची मुदत तपासून ठेव. ऑस्ट्रेलियन नागरिकाने देशात शिरताना ऑस्ट्रेलियन पासपोर्टच वापरायचा असतो. आणि परत जाताना व्हेजीमाइटची मोठी बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नकोस. १०० मिलिलिटरच्या वर असली की तुलामरीनच्या विमानतळावर सिक्युरिटीवाले काढून घेतात.