जॅझचा अर्धा तास

पुण्यातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर गेले वर्षभर मी दर शनिवारी अर्ध्या तासाचा जॅझ संगीताचा कार्यक्रम सादर करीत आहे. सकाळी लोणावळ्याहून लोकल धरायची, ध्वनिमुद्रण आटोपायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा हा परिपाठ. मित्र विचारतात, "मावळच्या भातखाचरांत वाढलेला तू, तुझा आणि जॅझचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मलाही वर्षभरात थोडेथोडेच उमगत गेले. ते इथे मांडतो. न जाणो, उद्या आपल्यापैकी कुणावर असा कार्यक्रम करण्याची पाळी येईल.

माझा पहिला कार्यक्रम सपशेल फसला. तीस मिनिटांतली चौदा मिनिटे मीच बोललो. 'अलौकिक', 'अजरामर', 'युगप्रवर्तक' अशा विशेषणांची मी नुसती खैरात केली. एफ.एम.च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की अडतात. त्यामुळे तो कार्यक्रम आमच्या घरी ऐकू येणे शक्यच नव्हते. मी मोबाइलवर नेऊन आईला ऐकवला. ती म्हणाली, "बोलतोस चांगलं रे, पण वाजवायला कधी देणार?"

तेव्हा मला विलिस कॉनोव्हर या निवेदकाची आठवण झाली. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर १९५५ साली त्याने जॅझचा कार्यक्रम सुरू केला आणि १९९६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, तो या कामात राहिला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो मैल जातात, त्यामुळे त्याचा आवाज जगभर पोहोचला. गंमत म्हणजे हे केंद्र परदेशांसाठी असल्याने खुद्द अमेरिकेत त्याला फारसे कुणी ओळखत नव्हते. श्रोत्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी जेमतेम येते, हे ओळखून तो सावकाश, सोप्या शब्दांत आणि मोजके बोले. मी हाच नियम घेतला : एका रचनेपूर्वी चार वाक्ये, आणि त्यांत विशेषण एकही नाही.

दुसरा प्रश्न होता तो निवडीचा. देशांप्रमाणे किंवा सालांप्रमाणे रचना लावल्या की कार्यक्रमाची वंशावळ होते. म्हणून मी प्रत्येक वेळी एकच सूत्र धरू लागलो. उदाहरणार्थ, लय. डेव्ह ब्रूबेकच्या चमूने १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेली, पॉल डेस्मंडची 'टेक फाइव्ह' ही रचना पाच मात्रांची आहे; तिचे खंड तीन-दोन असे पडतात. आपला झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा. आधी तबल्यावर झपतालाचा ठेका वाजवून दाखवला आणि लगेच ही रचना लावली, तर श्रोत्याचा हात आपोआप मांडीवर पडतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. 'जॅझ म्हणजे पाश्चात्त्यांचे रागसंगीत' असे म्हणून मोकळे होऊ नये. उत्स्फूर्त विस्तार दोहोंकडे आहे, आवर्तनाचे भानही आहे. पण आपल्याकडे षड्ज अढळ असतो. जॅझमध्ये बहुधा स्वरसंघांची मालिका पायाखालची जमीन सतत सरकवत असते आणि वादक तिच्यावर तोल सांभाळत चालतो. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या ध्वनिमुद्रिकेत ही सरकासरकी पुष्कळ कमी झाली आणि एकेका स्वरमालिकेवर रेंगाळायला वाव मिळाला. म्हणूनच आपल्या कानाला ती जवळची वाटते. साम्य आणि भेद दोन्ही सांगितले, तरच तुलना प्रामाणिक होते.

तिसरे सूत्र मुंबई-गोव्याचे. आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचा 'अलबेला' हा चित्रपट १९५१चा. त्यातील संगीताला जो झोक आहे, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक आहे. त्याचे खरे नाव अँटोनिओ झेवियर वाझ, गाव गोव्यातले हळदोणे. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. तेथून निघालेले वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. पण श्रेयनामावलीत बहुधा संगीतकाराचेच नाव येई. वाद्यमेळ रचणारे आणि वाजवणारे निनावी राहत. हे मी कार्यक्रमात मोठ्या तावातावाने सांगितले.

आणि पुढच्याच महिन्यात तीच चूक माझ्या हातून घडली.

चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा भरते. मुंबई-ठाणे-रायगडकडचे कोळी-आगरी भाविक वाजतगाजत येतात. न्यू ऑर्लीन्समध्येही मिरवणुकांच्या आणि प्रेतयात्रांच्या बँडपथकांतूनच जॅझने बाळसे धरले होते. हे सूत्र मला फार आवडले. यात्रेतल्या एका बँडपथकाचे मी परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण केले आणि लुई आर्मस्ट्राँगच्या 'वेस्ट एंड ब्लूज'नंतर (१९२८) ते लावले. ती रचना एकट्या ट्रम्पेटच्या आलापासारख्या उठावाने सुरू होते. मागोमाग आमचा ट्रम्पेट आला तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. निवेदनात मी म्हणालो, "हा आपल्या मावळातला जॅझ!"

ध्वनिमुद्रण घेऊन मी त्या ट्रम्पेटवादक काकांच्या घरी गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले. आर्मस्ट्राँग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "दम आहे गड्याच्या छातीत. त्याचं नाव तू दोनदा घेतलंस. आमचं घेतलंस का?"

मी गप्प झालो. नाव मी विचारलेच नव्हते.

"आणि हे जॅझ नाही बरं," ते पुढे म्हणाले, "ही आईची पालखी आहे."

पुढच्या शनिवारी मी श्रोत्यांची क्षमा मागितली. पथकातल्या अकराही जणांची नावे वाद्यांसकट वाचली, आणि तेच वादन पुन्हा लावले, या वेळी 'पालखीचे वादन' म्हणून. एक श्रोते नंतर म्हणाले की नावे ऐकण्यात निम्मा वेळ गेला. निम्मा नव्हे, पाऊण मिनिट गेले. मी घड्याळ लावून मोजले होते.

मित्रांच्या प्रश्नाला आता माझे उत्तर असे : निरनिराळी संगीते शेजारी बसवता येतात, पण त्यासाठी एकाला दुसऱ्याचे नाव देण्याची गरज नाही. निवेदकाने विशेषणे गाळावीत. वादकांची नावे मात्र गाळू नयेत. काकांनी येत्या यात्रेला पुन्हा बोलावले आहे. या खेपेला वही-पेन्सिल आधी बाहेर काढीन, यंत्र नंतर.