सरनौबत नेताजी पालकर : ‘फितूर’ या एका शब्दात मावतील का?



चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना एक प्रश्न कधी ना कधी येतोच. “नेताजी पालकर महाराजांना सोडून गेले ना? मग ते फितूर होते का?” मुलांनी हे घरी ऐकलेलं असतं, मालिकेत पाहिलेलं असतं. आपण घाईत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. पण हा प्रश्न म्हणजे इतिहास शिकवण्याची फार चांगली संधी आहे. म्हणून आज नेताजींची कारकीर्द क्रमाने पाहू.

सरनौबत म्हणजे कोण?

सरनौबत म्हणजे सेनेचा प्रमुख. स्वराज्याच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. या सगळ्यांचे प्रमुख होते नेताजी. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला. त्यानंतर नेताजींच्या घोडदळाने आदिलशाही मुलखात खोलवर धडक मारली. शत्रूला त्यांची इतकी दहशत बसली, की लोक त्यांना ‘प्रतिशिवाजी’ म्हणू लागले. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा तो फोडण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. तो साधला नाही.

पन्हाळ्याची ती रात्र

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले आणि विजापूरच्या मोहिमेत मिर्झाराजे जयसिंगांना मदत करणं भाग पडलं. याच मोहिमेत, जानेवारी १६६६ मध्ये, महाराजांनी रात्री पन्हाळ्यावर हल्ला केला. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत. हल्ला फसला, माणसं पडली. महाराजांनी त्यांना सरनौबतीवरून दूर केलं.

नेताजी आधी विजापूरकरांकडे गेले. मग जयसिंगांनी त्यांना पाच हजारी मनसब देऊन मुघलांकडे ओढलं. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. खरं तर पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

दहा वर्षं दूर

१७ ऑगस्ट १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाचा नेताजींवरही विश्वास राहिला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक करून दिल्लीला नेलं. १६६७ मध्ये धर्मांतर होऊन त्यांचं नाव ‘मुहम्मद कुली खान’ झालं आणि त्यांची रवानगी काबूलकडे झाली. पुढे मुघल फौजेबरोबर ते दख्खनेत आले आणि १६७६ मध्ये थेट महाराजांकडे परतले. जून १६७६ मध्ये त्यांना पुन्हा स्वधर्मात घेतलं गेलं.

मधल्या काळात सरनौबत झालेले प्रतापराव गुजर १६७४ ला नेसरीला पडले होते. आता त्या पदावर हंबीरराव मोहिते होते. नेताजींना जागा मिळाली, पण सरनौबती परत मिळाली नाही. मुलांना हे जरूर सांगा. माफी मिळणं वेगळं आणि गेलेलं पद मिळणं वेगळं.

त्याच काळातला फ्रेंच सेनापती

असं फक्त आपल्याकडेच घडलं का? फ्रान्सचा सेनापती त्युरेन (१६११–१६७५) पाहा. १६४३ मध्ये तो मार्शल झाला. पुढे सरदारांच्या बंडात सामील होऊन १६५० मध्ये स्पेनच्या मदतीने आपल्याच राजाच्या फौजेशी लढला आणि हरला. १६५१ मध्ये त्याला माफी मिळाली. नंतर त्यानेच राजासाठी लढाया जिंकल्या. १६६० मध्ये त्याला मार्शलांहूनही वरचं पद मिळालं. १६६८ मध्ये तो प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक झाला. २७ जुलै १६७५ ला तोफेच्या गोळ्याने तो मेला, तेव्हा त्याला राजांच्या दफनस्थळी जागा दिली गेली.

दोघांत साम्य आहे, पण फरकही आहे. त्युरेन वर्षभरात परतला. नेताजींना दहा वर्षं लागली. त्युरेनने पंथ बदलला तेव्हा तो सत्तेच्या शिखरावर होता; नेताजी कैदेत होते.

वर्गात कसं घ्यावं?

आपल्या चोरखमारा परिसरातली मुलं तलाव, धानाची बांधी आणि नागझिऱ्याचं जंगल पाहत वाढतात. पन्हाळा त्यांनी पाहिलेला नसतो. म्हणून आधी नकाशा लावा. पन्हाळा, विजापूर, दिल्ली, काबूल आणि रायगड ही ठिकाणं दोऱ्याने जोडायला सांगा. दोरा किती लांब जातो हे पाहिलं, की परत येणं किती अवघड होतं ते न सांगता कळतं.

मग हे प्रश्न द्या :

१. उशीर होणं आणि फितुरी करणं यात फरक काय?
२. नेताजींचा कोणता निर्णय स्वतःचा होता आणि कोणता लादलेला?
३. महाराजांनी त्यांना परत का घेतलं असेल?

धर्मांतराचा भाग सांगताना वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसली आहेत, याचं भान ठेवा. बादशहाच्या निर्णयाचं ओझं आज कुणाच्याही लेकरावर पडू नये.

पालकहो, घरी हा विषय निघाला तर लगेच निकाल देऊ नका. चुकलेल्या माणसाला एक शब्द चिकटवून टाकणं सोपं असतं. महाराजांनी मात्र पन्हाळ्याची चूकही पाहिली आणि काबूलहून परत आलेला माणूसही पाहिला. उद्या आपलंच लेकरू चुकलं, तर त्याला घरी परतता येईल असं वाटलं पाहिजे.