ट्रॅक्टरच्या पुढील चाकाचा आवाज व टायरची असमान झीज

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला उसंत नसते. अशा वेळी पुढील चाकातून घरघर ऐकू आली किंवा टायर एकाच बाजूने झिजलेला दिसला, तर 'हंगाम संपल्यावर पाहू' असे म्हणू नका. भरलेली ट्रॉली ओढताना चाक निखळले, तर नुकसान टायरपुरते राहत नाही.

प्रथम टायर पाहावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड झिजली असेल, तर बहुधा चाकांचा 'टो-इन' बिघडलेला असतो किंवा टाय रॉडचे सांधे सैल झालेले असतात. चाके सरळ ठेवून दोन्ही टायरच्या मध्यरेषांमधील अंतर आसाच्या उंचीवर पुढून व मागून मोजावे. पुढचे अंतर काही मिलिमीटरच कमी असावे; नेमका आकडा माहितीपुस्तिकेत पाहावा.

नंतर सपाट जागी मागील चाकांना दगड लावावेत, हँड ब्रेक ओढावा व पुढचे चाक जॅकने उचलून आसाखाली भक्कम ठोकळा द्यावा. चाक फिरवताना खरखर जाणवली तर बेअरिंग खराब समजावे. वर-खाली धरून हलवल्यास चाक डुगडुगले, तर बेअरिंग सैल आहे किंवा किंगपिनचे बुश झिजले आहे. चांगले बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून बसवावे. कॉटर पिन मात्र नवीनच घालावी.

मूळ कारण दूर केल्याशिवाय नवा टायर टाकू नये. तोही तसाच झिजेल.